चौथ्या वाफ्याचं कूळ

१

आमच्या परसातल्या भाजीची वर्षाची आखणी अक्षय तृतीयेच्या सकाळी व्हायची. आंघोळ झाली की मी मागच्या पायरीवर बसायचो. मांडीवर कागद, कानावर पेन्सिल. समोर चार वाफे. पहिला स्वयंपाकघराच्या दाराला लागून, मग दुसरा, तिसरा, आणि चौथा शेवटी, शेराच्या झुडपांच्या कुंपणाला टेकलेला. राजारामपुरीत तेव्हा आमची गल्ली म्हणजे गावाची कडच होती. कुंपणापलीकडे नुसतं रान.

परसात चार रोपं लावणारा कुणीही सांगेल, एकाच जागी सारखी मिरची घातली की दोन-तीन वर्षांत तिला मर लागते. झाड उभ्या उभ्या सुकतं. म्हणून पिकं फिरवायची. शेंगेमागून पालेभाजी, पालेभाजीमागून मिरची-वांगी, त्यामागून मुळा-गाजर, आणि त्यामागून परत शेंग. दर वर्षी प्रत्येक पीक एक वाफा घराकडे सरकणार. जे दाराशी पोचलंय ते उठून कुंपणाला जाणार. झालं. चार वर्षांत एक फेरा.

आमच्याकडे पिकाबरोबर माणूसही सरकायचं. पालेभाजी आक्काची. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच होती. तिनं नुसती मेथी फेकली तरी गादीसारखी उगवायची. मिरची माझ्या बायकोची, विमलाची. तिच्या हातची मिरची अशी की शेजारचे हंबीरराव लांबूनच हात जोडायचे. मुळा माझा. "तुला उगाच खोलात शिरायची सवय," असं आक्काचं म्हणणं.

घेवडा मात्र कुणाच्याच हाताचा नव्हता.

एकोणपन्नास साल. संस्थान नुकतंच विलीन झालेलं, आणि आमच्या मोजणी कचेरीत मुंबई सरकारचे नवे छापील नमुने येऊन पडले होते. त्यात पाहणीपत्रक होतं. कुठल्या जमिनीत कोण काय पिकवतो, याची नोंद. फाटके दोन-चार कागद मी घरी आणले होते, आणि मजा म्हणून परसाची आखणी त्यावरच केली. वाफा पहिला, पालेभाजी, कसणाऱ्याचे नाव: आक्का. दुसरा, मिरची, विमला. तिसरा, मुळा, मी. चौथा, घेवडा, आणि पुढं कोरं.

कोरा रकाना माझ्या हाताला सोसत नाही. वीस वर्षं साहेबाच्या शिव्या खाल्लेला हात आहे. मी लिहून टाकलं: ज्ञानू आकाराम, राहणार मुरगूड, कूळ.

असा कुणी माणूस नव्हता.

२

मी थापा मारतो. सगळ्या गल्लीला माहीत आहे, आता तुम्हालाही असू दे. रंकाळ्यात सुसर शिरल्याची बातमी मी एकदा अशी बेतानं सोडली होती की दोन दिवस घाटावर कुणी धुणं घेऊन उतरलं नाही. तेव्हा ज्ञानूसारखं आयतं पात्र हाती आल्यावर मी गप्प बसणार होतो थोडाच.

हंबीरराव संस्थानच्या पागेतून निवृत्त झालेले. संध्याकाळी ते आपल्या दारातल्या कट्ट्यावर बसायचे. त्यांना मी सांगितलं, "परसात कूळ लावलंय."

"वाफं चार, आन् त्याला कूळ?"

"मुरगूडचा आहे. ज्ञानू. उंच, काळा, आवाज असा की हाक मारली तर रानातली ढोरं मागं वळतात. पायाला सहा बोटं. वहाण कुणाची बसत नाही म्हणून अनवाणी फिरतो."

"आन् कायद्यानं वाफा त्याच्या नावावं झाला म्हंजी?"

"मग काय, मी त्याच्याकडून घेवडा विकत घेईन."

हंबीरराव पोट धरून हसले. घरातही हा खेळ रंगला. आक्का चहा गाळताना विचारायची, "नरसू, तुझ्या कुळाला ठेवू का घोटभर?" विमला म्हणायची, "त्याला म्हणावं आधी पाय धुवून ये." दूध घालायला येणारी बनाबाई परसात डोकावून ओरडायची, "ज्ञानबा, हैस काय रं!" आणि एकटीच खिदळायची.

घेवडा त्या वर्षी चांगला आला. अतिशय चांगला आला. चौथ्या वाफ्यात तण म्हणून दिसेना. मला वाटलं, खुरपणी विमला करते. विमलाला वाटलं, आक्का. आक्काला वाटलं, मी. आम्ही तिघांनी कधी एकमेकांना विचारलं नाही. घरातली कामं अशीच होतात.

श्रावणातल्या एका दुपारी मी घेवडा तोडायला गेलो. वाफा नुकताच शिंपलेला होता. मधोमध, चिखलात, एका पावलाचा ठसा. सहा बोटांचा.

मी हसलो. खरंच हसलो. गल्लीनं माझ्यावर डाव उलटवला, असं वाटलं आणि जरा अभिमानच वाटला. मग खाली वाकलो.

ठसा डाव्या पायाचा होता. शेजारीच उजव्या पायाचा होता, त्याला पाचच बोटं. सहा बोटं कुठल्या पायाला, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. माझ्या मनात मात्र डावाच पाय होता.

३

बुद्धी वकिलासारखी असते. पैसे न घेता बाजू लढवते. डावा की उजवा, दोनच पर्याय; कुणी अंदाजानं केलं तरी निम्म्या वेळा बरोबर येणार. मी स्वतःची समजूत घातली आणि दुसऱ्या दिवशी हंबीररावांना गाठलं.

"ठसा छान उठवलात."

"कसला ठसा?"

"ज्ञानूचा."

"त्ये मला काय ठावं? त्यो आपला सकाळच्याला कुंपणापाशी हुता की. तंबाखू मागितली. दिली चिमूटभर."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू शोधलं. नव्हतं. मी म्हटलं, "हंबीरराव, ज्ञानू मी रचलेला आहे."

ते हळूहळू हसायला लागले. मांडीवर थाप मारली. "पंत, तुमचं म्हंजी टोकच हाय बगा! जित्याजागत्या माणसाला थाप म्हंताय!"

४

पन्नासच्या अक्षय तृतीयेला फेरा एक घर सरकला. विमलाची मिरची दाराशी आली. माझा मुळा दुसऱ्यात. घेवडा तिसऱ्यात. आणि आक्काची पालेभाजी उठून चौथ्यात, कुंपणाला, जिथे गेल्या वर्षी घेवडा होता. कागदावर मी नावंही तशीच सरकवली. शास्त्राप्रमाणे अगदी बरोबर: शेंगेनं पोसलेल्या मातीत पाला जोमानं येतो.

आला. पोकळा कमरेला लागला. आक्का खूश. दुपारी जेवणं झाली की ती चौथ्या वाफ्यात जाऊन बसायची. आधी तासभर, मग दिवेलागणीपर्यंत. हाक मारली की "आले" म्हणायची, पण यायला वेळ लागायचा. दरवेळी जरा जास्त.

"आक्का, उन्हात काय बसतेस?"

"बरं वाटतं रे. कुणीतरी आपल्याला विसरल्यासारखं बरं वाटतं."

हे तिनं हसत सांगितलं.

जुलैत बनाबाई दूध घालताना म्हणाली, "तिघांचं दूध रोज संपतंय व्हय? न्हाय, तुमी दोघं आन् ज्ञानू."

"आणि आक्का?"

"कोन आक्का?"

आक्का तेव्हा तिच्या मागेच उभी होती, ओल्या हातांनी. बनाबाई वळली, तिच्या अंगावरून नजर फिरवली, आणि पाहण्यासारखं काही नसल्यावर माणूस जसा पुढे जातो तशी निघून गेली. आक्कानं हात पदराला पुसले आणि परत वाफ्याकडे गेली. तिच्या चालण्याचा आवाज येत नव्हता, हे मला त्या क्षणी जाणवलं. मग वाटलं, पावसाळ्यात माती मऊच असते.

तिसऱ्या वाफ्यात घेवड्याचे मांडव उभे राहिले होते. मी बांधले नव्हते. वेलांना धोतराच्या चिंध्यांची गाठ होती. मांडवाच्या आत, पानांमागे, कुणीतरी उकिडवं बसलेलं असायचं. मी जवळ गेलो की वारा यायचा, पानं हलायची आणि मांडव रिकामा दिसायचा. माझी पाठ वळली की आतून तंबाखू मळल्याचा आवाज. टाळीसारखी एक थाप. मग पिंक.

५

भाद्रपदातला गुरुवार. कचेरीतून आलो तर विमलानं दोन पानं वाढली होती.

"आक्काचं पान?"

"कुणाचं?"

मी परसात गेलो. चौथ्या वाफ्यात पोकळा दाट उभा. कुणी नाही. हाक मारली. कुंपणापलीकडून का आतून, कळेना, पण "आले" असं ऐकू आलं. फार हळू, घशातल्या घशात. तिथंच उभा राहिलो. ती आली नाही.

घरात आलो. तिची खोली म्हणजे पुढच्या बाजूची ती लहान खोली. तिथे बियाण्याची गाडगी, खुरपी आणि कोपऱ्यात एक घोंगडं. दांडीवर लुगडी नव्हती. देवाजवळ तिची जपाची माळ नव्हती.

"विमल, आक्का कुठं गेली?"

"अहो, जेवायच्या वेळी काय हे. कोण आक्का?"

"माझी बहीण! दहा वर्षं आपल्याकडे आहे. तुला तिनंच लाडू वळायला शिकवले."

विमलाच्या ओठांचे कोपरे वर गेले. ते हसू मला पाठ होतं. माझी नवी थाप पहिल्यांदा ऐकली की ती तशीच हसायची.

"घ्या. आता बहीण काढलीत?" ती म्हणाली. "चांगली रंगवा हं. आणि त्या खोलीत ज्ञानूला त्रास देऊ नका. दमून येतो बिचारा."

मी हंबीररावांकडे गेलो. गल्लीत सहा घरी गेलो. सगळे हसले. काहींनी आक्काबद्दल आणखी सांगा म्हणून आग्रह केला, चहा दिला. शिधापत्रिका काढून पाहिली. तीन माणसं होती: मी, विमला, आणि ज्ञानू आकाराम. अक्षर शिधावाटप कचेरीतल्याच कारकुनाचं. शाई जुनी.

त्या दिवशी मला फेरा कळला. पुढच्या अक्षय तृतीयेला चौथ्या वाफ्यात विमलाची मिरची जाणार होती.

६

म्हणून मी फेरा मोडायचा ठरवला. साधी गोष्ट. पिकं हलवायचीच नाहीत. एक्कावन्नच्या अक्षय तृतीयेला मी पाहणीपत्रकाचे तुकडे करून चुलीत घातले आणि मिरचीची रोपं परत दारालगतच्या पहिल्याच वाफ्यात लावली. विमला दाराच्या चौकटीला टेकून बघत होती.

"मिरचीवर मिरची? मर लागेल की."

"लागू दे."

"तुम्हीच तर सांगता जगाला, पीक फिरवावं म्हणून."

"विमल, ऐक. या वर्षी तू चौथ्या वाफ्याकडे जायचं नाहीस. अजिबात नाही. कुंपणाकडे फिरकायचं नाहीस."

"का?"

मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. आक्काचं, ठशाचं, बनाबाईचं. माझा आवाज कापत होता. ती शेवटपर्यंत शांतपणे ऐकत राहिली. मग म्हणाली, "आवाज कापण्याचं नवीन आहे. हे आधी कधी नव्हतं केलंत." आणि माझ्या गालावर हलकेच चापट मारून आत गेली.

पन्नाशीला टेकलेला माणूस मातीत बसून रडतो, तेव्हा तो कसा दिसतो ते मला माहीत नाही. कुणी पाहिलं नाही. मांडवातला सोडून.

आठव्या दिवशी पहिल्या वाफ्यातली मिरची माना टाकून उभी होती. चौथ्यात मात्र पन्नासेक रोपं ताठ उभी. प्रत्येकाच्या बुडाशी राखेची चिमूट, आणि माती अंगठ्यानं दोनदा दाबलेली. ती विमलाची पद्धत होती. एकदा मातीसाठी, एकदा रोपासाठी, असं ती म्हणायची.

"हे कुणी लावलं?"

"मीच की. तुम्हीच नाही का काल म्हणालात, चौथ्यात चांगली येईल?"

"मी म्हणालो?"

ती गोंधळली. "का ज्ञानू म्हणाला? कुणीतरी म्हणालं बाई. दाराशी उभं राहून." मग तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. नखांत माती होती. "रोपं वाळायला लागली होती हो. मला बघवेना."

७

मी ती रोपं उपटली. दुसऱ्या दिवशी परत होती. घेवडा दुसऱ्या वाफ्यात आपसूक वर आला होता, आणि माझ्या हातांनी कुठेही न पेरलेला मुळा दाराशी.

विमलाला तिच्या भावाकडे, दाजीबांकडे, निपाणीला धाडायचं ठरवलं. पत्र लिहिलं: बहिणीला दोन-तीन महिने ठेवून घ्या, हवापालट हवाय. आठवड्यात उत्तर आलं. दाजीबांनी फार सभ्यपणे लिहिलं होतं की आम्ही दोघे भाऊच, बहीण नाही. तरी आपला विनोदी स्वभाव कोल्हापूरकरांकडून ऐकून आहोत, पत्र घरात मोठ्यानं वाचलं, मुलं खूप हसली. कधी या बाजूला आलात तर जरूर यावे.

ते पत्र मी विमलाला दाखवलं. आता तरी ती घाबरेल, म्हणून. तिनं दोनदा वाचलं.

"हे अक्षर दादाचंच आहे," ती म्हणाली.

"हो."

"अहो." ती माझ्याजवळ पायरीवर बसली. दुपारची वेळ होती, आडाच्या रहाटावर कावळा बसला होता. "मला परवा बनाबाईनं विचारलं, तू कुणाची गं. मी म्हटलं, थट्टा करतेय. मग आरशात बघितलं, तर मला वाटलं, हिला कुठंतरी पाहिलंय."

मी तिचा हात धरला. हात हलका होता. वाळत घातलेल्या फडक्याइतका.

"ती आक्का," विमलानं विचारलं, "खरंच होती का?"

"होती."

"लाडू शिकवले तिनं मला?"

"डिंकाचे."

ती आठवायचा प्रयत्न करत होती, माझ्यासाठी. मग तिनं मान हलवली. "नाही हो. पण तुमच्यावर विश्वास ठेवते. आता ठेवला तर चालेल ना?"

त्यानंतर मी तिला एकटं सोडलं नाही. कचेरीत रजा टाकली. तिच्या पदराचं टोक माझ्या मनगटाला बांधून दुपारी पडायचो. एके दिवशी डोळा लागला, फार तर पाच मिनिटं. उघडला तेव्हा मनगटाला गाठ होती आणि गाठीत काही नव्हतं. चौथ्या वाफ्यात मिरच्या लाल झाल्या होत्या, एकूण एक. स्वयंपाकघराच्या फरशीवर ओली पावलं, आत जाणारी. डाव्याला सहा बोटं. बाहेर येणारं एकही नव्हतं.

मी धावत कुंपणाशी गेलो. तिला हाक मारली. शेराच्या फांद्यांपलीकडे उन्हात काहीतरी हललं. एक पाठ दिसली. कुणाची ते कळण्याइतकी नाही.

८

तेव्हा मला एक कल्पना सुचली. दुसरी कुठली सुचण्यासारखी नव्हती.

ज्ञानू आला तो माझ्या सांगण्यानं. सहा बोटं सांगितली, सहा आली. आवाज सांगितला, आवाज आला. मग जी होती, जी खरोखर होती, तिला सांगून परत आणता येणार नाही?

आक्काला आणणं जमलं नाही. मी कट्ट्यावर बसून सुरुवात केली आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे तिचं नुसतं नाव शिल्लक आहे. ती उंच होती का ठेंगणी, हे मला सांगता येईना. म्हणून मी घाई केली. विमला सांगायला लागलो. कट्ट्यावर, चहाच्या दुकानात, कचेरीत, भेटेल त्याला. जांभळ्या काठाचं हिरवं लुगडं. डाव्या भुवईत लहानपणी पाळण्याचा कोपरा लागलेली खूण. रोपापाशी माती दोनदा दाबणं. उजव्या कानातलं फूल सैल, म्हणून मान किंचित तिरकी. गर्दी जमायची. लोक म्हणायचे, पंतांचं लग्न झालं नाही ते बरंच झालं, नाहीतर एवढी चांगली बायको कुठून रचली असती.

मी चिडायचो नाही. एक एक गोष्ट घालत जायचो, माती दाबल्यासारखी.

बावन्नच्या अक्षय तृतीयेला फेरा पुन्हा सरकला. आता मी अडवलं नाही. घेवडा दाराशी गेला. पालेभाजी दुसऱ्यात, मिरची तिसऱ्यात. ती मी स्वतः लावली, दोनदा अंगठा दाबून. मुळा चौथ्यात. म्हणजे मी.

मी माजघरातून, मग ओसरीवरून, मग पायरीवरून हळूहळू इकडे कुंपणाशी कसा आलो, ते नीट सांगता येत नाही. इथे बरं वाटतं. आक्का म्हणाली होती... काय म्हणाली होती ते जाऊ दे. घरात ज्ञानू राहतो. चूल पेटते, फोडणीचा वास येतो. परवा बनाबाई दूध घालून माझ्याजवळून जाताना थांबली.

"कोन पावणं म्हनायचं? ज्ञानबांकडं आलाय व्हय?"

हंबीरराव कुंपणावरून वाकून बघून गेले. त्यांना मी काही दिसलो नाही असं वाटतं, कारण त्यांनी माझ्या मुळ्याच्या पाल्यावर पिंक टाकली.

काल दुपारी तिसऱ्या वाफ्यात विमला आली.

वाकलेली होती. हिरवं लुगडं, जांभळा काठ. मी हललो नाही, श्वास घेतला नाही. ती सरळ झाली, वळली. भुवईत खूण. मान किंचित तिरकी. मी जेवढं सांगितलं होतं तेवढं सगळं होतं, एकही गोष्ट चुकली नव्हती. आणि जे सांगायचं राहिलं होतं तिथे काही नव्हतं. तिच्या डोळ्यांचा रंग मी कुणाला सांगितला नव्हता. मी नजर खाली घेतली.

"विमल," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे तोंड केलं आणि ओठ हलवले. एक पूर्ण वाक्य होतं. ओठ थांबले, परत हलले. आवाज नव्हता. आवाज सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. मी आठवू लागलो. सोळा वर्षं तिनं मला रोज हाक मारली होती. बारीक होता? भरदार? शेवट वर जायचा की खाली? डोकं हातात धरून मी वाफ्यात बसलो आणि आठवत राहिलो. ती उभी होती, थांबून होती. मग तिनं घराकडे तोंड फिरवलं आणि पुन्हा तसेच ओठ हलवले.

"आलो, आलो," स्वयंपाकघरातून ज्ञानू म्हणाला. "एवढं वरडायला काय झालं?"